गोवराची पेप्टाइड लस: एच, एफ की एन? कोणतं प्रथिन धरू?

नमस्कार मंडळी,

बायोटेकच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. डिचोलीहून पणजीला रोज ये-जा, प्रोजेक्ट सगळा लॅपटॉपवरचा: गोवराच्या विषाणूच्या प्रथिनांतले छोटे तुकडे (पेप्टाइडं) निवडून लस आखायची. आजीला विषय सांगितला तर म्हणाली, "गोवराची लस आहे की गो, मग तू नवी कसली करतेस?" गाइडनीही पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं! उत्तर पाठ आहे: नऊ महिन्यांखालच्या बाळात आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लसीतल्या जिवंत विषाणूला निकामी करतात, आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलांना जिवंत लस देता येत नाही.

अडलंय ते पुढे. विषाणूची जनुकं सहा, प्रथिनं आठ. त्यांतली तीन निवडली: एच (पेशीला चिकटणारं), एफ (विषाणूला पेशीत शिरवणारं) आणि एन (आतल्या जनुकद्रव्याला गुंडाळणारं). लसीजोगे तुकडे हेरणाऱ्या ऑनलाइन सर्व्हरला दिली तर एनची पेप्टाइडं सगळ्यात वर. खूश झाले. मग नीट पाहिलं, तर पहिल्या पाचांतली तीन एनच्या शेपटीतली! म्हणजे जिथले ४५० न्यूक्लिओटाइड वाचून विषाणूचा जनुकप्रकार ठरवतात तीच जागा, कारण सर्वाधिक बदल तिथेच. मी एडमन्स्टन या लसीतल्या जुन्या वाणाचा क्रम घेतला होता, आपल्याकडे डी८ हा जनुकप्रकार सापडतो, म्हणजे शेपटी जुळेलच असं नाही. दोन आठवडे पाण्यात. (शिवाय काल पावसात वीज गेली आणि डॉकिंग, म्हणजे रेणू एकमेकांत बसतात का ते संगणकावर पाहणं, तेही अर्ध्यावर बंद पडलं, ते वेगळंच.)

तसंही एन असतं विषाणूच्या आत. त्याच्या अँटीबॉडीज भरपूर बनतात, पण विषाणूला पेशीबाहेर अडवत नाहीत. अडवतात त्या मुख्यतः एचविरुद्धच्या, काही एफविरुद्धच्या. पेशीवरच्या सीडी१५० आणि नेक्टिन-४ या प्रथिनांना चिकटतं ते एचच.

एचमधला ३७९ ते ४१० क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा तुकडा मला हवाय. तिथे ३८६ आणि ३९४ वरच्या सिस्टीन या अमिनो आम्लांमध्ये डायसल्फाइड (गंधकाचा) बंध असतो, त्यामुळे फासासारखा वेढा तयार होतो. सर्व्हर मात्र तो सरळ दोरीसारखा वाचतो. दोरी सरळ केली की फास राहिला कुठे?

तर जाणकारांनो, अँटीबॉडीज बनवणाऱ्या बी-पेशींसाठी हा वेढा बंधासकट धरायचा आणि लागण झालेल्या पेशी ओळखणाऱ्या टी-पेशींसाठी एनचा पुढचा, न बदलणारा भाग जोडायचा, हे पटतंय का? की एफ सोडून चूक करतेय? टी-पेशींना पेप्टाइडं दाखवणाऱ्या, माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या एचएलए प्रथिनांपैकी ए११, ए२४, ए३३ हे प्रकार घेतलेत. कोकणपट्टीसाठी आणखी कोणते घ्यावेत?

शुक्रवारी गाइडना यादी दाखवायची आहे. एनची शेपटी घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर जायची हिंमत नाही.