नृसिंह जयंती: जन्मकाळ सकाळी घेतला तर चालतो का?

खानापूरवासी
आमच्या देवळात वैशाखात नृसिंह जयंती असते. मंडळातली पोरं बेळगावला कामाला, परतायला उशीर. म्हणून यंदा जन्मकाळ सकाळी दहाला घ्यावा असं काहींचं म्हणणं आहे. वेळेला एवढं महत्त्व आहे का? आणि प्रवचनात दशावतार घ्यायचे तर नववा कोण सांगायचा: बुद्ध, बलराम की विठ्ठल? जाणकारांनी सांगा की.

पंचांगवाले_निपाणी
सकाळी घेऊ नका. हिरण्यकशिपूला मिळालेल्या वरात मरण दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको असं सगळं होतं. देवाने त्यातली एकही अट मोडली नाही. सांजवेळ, उंबरठा, मांडी आणि नखं! भागवताच्या सातव्या स्कंधात याच्याही पुढचं कारण दिलंय: देव खांबातही आहे हे प्रल्हादाचं बोलणं खरं करायला तो प्रकटला. सकाळी दहाला पाळणा हलवलात तर प्रवचनकाराने यातलं काय सांगायचं?

दिवस ठरवताना वैशाख शुद्ध चतुर्दशी सूर्यास्ताला कधी आहे ते बघा. दोन्ही दिवशी असली किंवा दोन्ही दिवशी नसली तर दुसरा दिवस धरतात. सूर्योदयाची तिथी बघून कार्यक्रम छापला की इथेच घोळ होतो. मे महिन्याच्या मध्यावर बेळगावचा सूर्यास्त सातला पाचएक मिनिटं कमी असताना होतो, मुंबईच्या दहाएक मिनिटं आधी. तेव्हा मुंबईची वेळ उचलू नका. पोरांसाठी भजन आठनंतर ठेवा, जन्मकाळ हलवू नका.

हरिदास_चिकोडी
नवव्याबद्दल. जयदेवाच्या गीतगोविंदात कृष्ण मूळ देव मानलाय, म्हणून आठवा बलराम आणि नववा बुद्ध. कृष्णाला आठवा धरलं की बुद्ध नववा राहतो. काही याद्यांत बुद्धाऐवजी बलराम येतो. आपल्याकडे जुन्या चित्रांत त्या जागी विठ्ठल दिसतो, कारण संतांनी त्याला बौद्धरूप म्हटलंय. तिन्ही परंपरा सांगा, एकीला चूक ठरवू नका. भागवताच्या पहिल्या स्कंधात तर बावीस अवतार मोजून पुढे ते असंख्य आहेत असंच म्हटलंय.

प्रवचनाला मनाच्या श्लोकांतला 116 वा आणि त्यापुढचे घ्या. अंबऋषी या भक्त राजासाठी हरीने स्वतः जन्म सोसले, इथून सुरुवात होते. लोक दुष्टांच्या नाशावरच भर देतात. गीतेच्या चौथ्या अध्यायात साधूंचं रक्षण आधी आलंय.

तुमच्याच तालुक्यात हलशीला कदंबकालीन भूवराह-नृसिंहाचं देऊळ आहे, गाभारे समोरासमोर. वराहाने हिरण्याक्ष मारला, नृसिंहाने त्याचा भाऊ. मंडळाला आधी तिथे न्या, ही जोडी त्यांना डोळ्यांनी दिसेल.

खानापूरवासी
पटलं. जन्मकाळ सांजेलाच. नैवेद्याचं पानक (गुळाचं सरबत) साधारण शंभर जणांना किती लागेल, काका?

हरिदास_चिकोडी
शंभर मिलीचा पेला धरला तर दहा लिटर. दोन किलो गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळा, गुळात खडे असतात. मग चार चमचे सुंठपूड, तेवढीच वेलदोडेपूड, दहाबारा लिंबं. लिंबू अगदी शेवटी. कल्हई उडालेल्या पितळी घागरीत ठेवू नका, कळकतं. सोबत कोसंबरी (भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर) करणार असाल तर मूगडाळीला तासभर भिजणं पुरे. मीठ प्रसाद वाटताना ऐनवेळी घाला, नाहीतर पाणी सुटतं.