तेरा वर्षांच्या मुलीसाठी जिउजित्सू: वर्ग निवडताना काय पाहावे?

प्रश्न – मुठाकाठ (पुणे)

माझी मुलगी आठवीत आहे. मैत्रिणीबरोबर ब्राझिलियन जिउजित्सूचा एक वर्ग पाहून आल्यापासून तिने तेच शिकण्याचा हट्ट धरला आहे. मी स्वतः जाऊन पाहिले तेव्हा मुले एकमेकांना खाली पाडत होती, हात पिरगाळत होती, गळा आवळत होती आणि तरीही दोन फेऱ्यांच्या मध्ये हसत-खिदळत पाणी पीत होती. त्यामुळे धास्तीही वाटली आणि कुतूहलही वाढले. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, स्वसंरक्षणच शिकवायचे तर कराटे काय वाईट आहे, निदान त्यात कोणी कोणाच्या अंगावर बसत नाही. या वयात इतकी झटापट सुरक्षित असते का, आणि यातले ओ की ठो न कळणाऱ्या माझ्यासारख्या पालकाने शिक्षकाची पारख कशी करावी, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर – मॅटवरचा मास्तर (ठाणे)

ताई, मी मुलांचा वर्ग घेतो, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती समजून वाचावे. आपण पाहिलेल्या दृश्यातली एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटली असेल. जिचा गळा आवळला जातो ती मुलगी जोडीदाराच्या दंडावर दोन थापा मारते आणि त्याच क्षणी पकड सुटते. याला आम्ही टॅप म्हणतो आणि आमचे सारे शिक्षण त्याच्याच भरवशावर चालते. बुक्क्यांचा आणि लाथांचा सराव रोज पूर्ण ताकदीने करता येत नाही, कारण डोक्याला बसलेला मार परत घेता येत नाही. पकड मात्र इजा होण्याच्या अलीकडे थांबवता येते, म्हणून समोरचा खरोखर विरोध करत असताना डाव लागतो की नाही, हे प्रत्येक वर्गात पडताळून पाहता येते.

हा विचार नवा नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतील एका मंदिरात 12 चटयांच्या जागेत ज्युदोची कोदोकान शाळा सुरू केली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील घातक डाव मुक्त सरावातून बाजूला काढले. त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांना न घाबरता जोर लावून खेळता येऊ लागले, आणि घातक डाव नुसते घोकणाऱ्यांना जे जमत नव्हते ते त्यांच्या अंगवळणी पडले. त्याच परंपरेतले मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले. पुढे बेलें शहरात कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले आणि ग्रेसी बंधूंनी जमिनीवरच्या झुंजीवर भर देऊन आजचे ब्राझिलियन जिउजित्सू घडवले.

शिक्षकाची पारख करायची असेल तर टॅपनंतरचे दोन-तीन सेकंद पाहावेत. पकड लगेच सुटते, की सोडता सोडता एक शेवटचा हिसका दिला जातो? हिसका दिला गेला तर शिक्षक फेरी थांबवतात का? टॅप करणाऱ्याला कोणी हसते का? 1951 मध्ये रिओत जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी कार्लोस यांचे धाकटे भाऊ एलिओ ग्रेसी यांचा हात अडकवला तेव्हा एलिओंनी टॅप केले नाही आणि शेवटी त्यांच्या बाजूच्या माणसांना लढत थांबवावी लागली. ही कथा रंगवून सांगितली जाते आणि तो डाव आजही किमुरा याच नावाने ओळखला जातो. परंतु मुलांपुढे तो आदर्श म्हणून ठेवणाऱ्या शिक्षकाकडे मी माझे मूल पाठवणार नाही.

दुसरे असे की, नवख्या मुलीला सुरुवातीला डाव मारण्यापेक्षा अंगावर आडव्या पडलेल्या जोडीदाराच्या खालून निसटायला शिकवले पाहिजे. एक हात त्याच्या मानेशी आणि दुसरा कमरेशी अडवून धरायचा, कुशीवर वळून कंबर मागे सरकवायची आणि तयार झालेल्या फटीत गुडघा घालायचा. लिहिताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात नवखे मूल श्वास रोखते, मुठी आवळते आणि दोन्ही हात ताठ करून वरच्याला ढकलू पाहते, आणि नेमका तो ताठ हातच वरच्याच्या तावडीत सापडतो. अशा वेळी ‘आधी श्वास घे’ एवढेच सांगून थांबणारे शिक्षक मिळाले, तर वर्ग चांगला आहे असे खुशाल समजावे.

उत्तर – लाल माती (कोल्हापूर)

मी तालमीत वाढलो, त्यामुळे थोडा मतभेद नोंदवतो. विरोध करणाऱ्या माणसाशी रोज झुंजणे ही काही जिउजित्सूची मक्तेदारी नाही. वस्ताद हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, पोरांच्या जोड्या लावतात तेव्हा हेच घडते, आणि त्यासाठी गी (जिउजित्सूचा जाड पोशाख) लागत नाही की रंगीत पट्टे लागत नाहीत. कोण किती पाण्यात आहे, हे आमच्याकडे खडाखडीतच कळते. खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला मॅटची सवय नसताना सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. मातीत कमावलेले अंग मॅटवरही कामी येते, याला यापेक्षा वेगळा दाखला नको.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. कुस्तीत पाठ टेकली की माणूस चितपट झाला आणि निकाल लागला, म्हणून उताणे पडल्यावर कसे लढावे हे पैलवानाला कोणी शिकवत नाही. जिउजित्सूत खरी झुंज तिथूनच पुढे सुरू होते. वजनदार माणूस अंगावर असताना काय करायचे, हाच मुलीच्या स्वसंरक्षणाचा प्रश्न असेल, तर हा फरक लहान नाही. शिवाय मुलींना सहज प्रवेश देणाऱ्या तालमी आजही मोजक्याच आहेत, हे आमचे उणे आहेच.

उत्तर – सांधेदुखी (नाशिक, फिजिओथेरपिस्ट)

गळा आवळण्याच्या डावात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि पकड नीट बसली तर काही सेकंदांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून ‘थोडे सहन कर’ असे सांगणारा वर्ग तत्काळ सोडावा. टाच पिरगाळून गुडघ्यावर ताण आणणारे डाव मुलांच्या स्पर्धांत निषिद्ध असतात आणि ते सरावातही नकोत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत बोटांचे सांधे दुखावल्याच्या तक्रारी अधिक दिसतात. गजकर्णाकडे मात्र पालक दुर्लक्ष करतात: मॅट रोज जंतुनाशकाने पुसली जाते का, हे विचारावे, नखे कापलेली असावीत आणि अंगावर चट्टा दिसल्यास तो बरा होईपर्यंत मुलीला घरीच ठेवावे. स्पर्धेसाठी वाढत्या वयातल्या मुलीला उपाशी ठेवून वजन उतरवायला कोणी सांगितले, तर स्पष्ट नकार द्यावा.

मुठाकाठ (पुणे)

सर्वांचे आभार. मुलगे आणि मुली एकत्र सराव करतात, याविषयी कोणीच लिहिले नाही. आणि रस्त्यावर याचा खरोखर किती उपयोग होतो?

मॅटवरचा मास्तर (ठाणे)

वजन आणि वय जुळत असेल तर एकत्र सराव योग्यच आहे, मात्र मुलीला कोणत्याही जोडीदाराला कारण न देता नकार देता आला पाहिजे आणि त्यावर शिक्षकाने भुवई उंचावू नये. पालकांना बसून पाहू न देणारा वर्ग, बंद दाराआडची एकट्याची शिकवणी, विद्यार्थिनीला रात्री-अपरात्री व्यक्तिगत संदेश पाठवणारा शिक्षक, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर पट्ट्याचा रंग न पाहता उठून यावे. रस्त्यावर समोर दोघे-तिघे असतील किंवा हातात चाकू असेल, तर जिउजित्सू शिकलेल्यानेही पळावे. पकडीतून सुटून पळता येणे, हाच तिथला उपयोग आहे. वर्षाचे शुल्क आगाऊ भरू नये, एक महिना पाहावे. गी सुती असतो आणि पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून घेताना थोडा सैल घ्यावा.