मीडियम फॉरमॅट: यशिका मॅट उचलू की पैसे जमवून हॅसलब्लाड?

फिल्मवेडा_दादर
नमस्कार मंडळी. ३५ एमएमवर बरीच वर्षं झाली, आता १२० वर, म्हणजे मोठ्या फिल्मवर यायचंय. फोर्टात बोरा बाजारात एक यशिका मॅट १२४जी बघून आलो, बजेटात बसतो. दुसरीकडे ओळखीचे एक स्टुडिओवाले काका त्यांचा हॅसलब्लाड ५००सी/एम द्यायला तयार आहेत, सोबत ८० एमएमचा प्लानार लेन्स आणि एक बॅक (मागे लागणारा फिल्मचा डबा), पण किंमत यशिकाच्या कितीतरी पट, हप्त्याने दिले तरी चालतील म्हणतात. मला लालबाग-परळच्या चाळी करायच्यात, जिने, गॅलऱ्या, तिथली माणसं, सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि डेव्हलप घरीच. निगेटिव्ह दोन्हीत ६x६ सेंमीच, मग एवढे पैसे मोजून फोटोत फरक दिसतो का?

गिरगावकर
दिसतो, पण तुझ्या कामात फार नाही. यशिकाची लेन्स चार काचांची, टेसार पद्धतीची, एफ ३.५ ला पूर्ण उघडी ठेवलीस तर कोपरे मऊ येतात, प्लानारला सात काचा आहेत, तो उघडा असतानाही जास्त सांभाळून घेतो. भोक लहान करून एफ ८ ला आणलंस की मध्यम आकाराच्या प्रिंटवर कुठला कुठल्याचा हे ओळखणं अवघड. आणि यशिकाला बघायची लेन्स वेगळी, म्हणून तिचा आरसा उडत नाही, चाळीत ही फार मोठी गोष्ट आहे रे. हॅसलब्लाडचा आरसा उडतो तेव्हा अख्ख्या गॅलरीला कळतं, यशिका नुसती टिक करते, शिवाय मान खाली घालून बघायचं असल्यामुळे समोरचा माणूस अवघडत नाही. जिन्यातल्या अंधारात पट्टा मानेवर ताणून १/१५ सेकंदाला सुद्धा हातात फोटो काढता येतो. फोटो-पत्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरायच्या, तोही दोन लेन्सचाच.
घेताना एवढं कर. १ सेकंदाला शटर मारून कान दे, अडखळला तर सर्विसिंग आलं. लेन्समधून टॉर्च मारून फंगस बघ, आपल्या हवेत हे पहिलं. मागचं झाकण उघडून प्रेशर प्लेट १२० वर आहे ना बघ, २२० ही वेगळ्या रोलची जागा आहे. मीटरवर विसंबू नको, तो जुन्या मर्क्युरी सेलसाठी बनवलेला आहे.

अंधारखोली
वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त एक मुद्दा राहिला आणि तो चाळीसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. ६x६ वर ८० म्हणजे नॉर्मल लेन्स, वाइड नाही, गॅलरी चार-पाच फुटांची, पाठ भिंतीला टेकली तरी अख्खं दार फ्रेममध्ये येणार नाही. यशिकाची लेन्स बदलत नाही, म्हणजे तिथेच अडकलास. हॅसलब्लाडला ५० चा डिस्टागॉन, म्हणजे वाइड लेन्स लागतो, पण तो वेगळा खर्च, आणि त्यात प्रत्येक लेन्समध्ये स्वतःचं शटर असतं, जेवढ्या लेन्स तेवढी सर्विसिंग. शटर कॉक न करता (चावी न भरता) लेन्स काढली-लावली तर जॅम होतो, आणि तो सोडवणारा कारागीर आज शोधावा लागतो.
फ्लॅशसाठी मात्र हॅसलब्लाडवर जास्त पैसे घालू नकोस. दोन्हीत लेन्सच्या आतलं लीफ शटर आहे, १/५०० पर्यंत फ्लॅशचा मेळ (सिंक) बसतो. पेंटॅक्स ६७ घ्यायचा विचार कधी आलाच तर तिथे सिंक १/३० चाच.
माझं मत विचारशील तर मामिया सी३३० शोध. दोन लेन्सचाच, आरसा उडत नाही, पण लेन्सची जोडी बदलता येते, ५५ आणि ६५ मिळतात. दीड किलोच्या वर जातो, खांद्याला जाणवेल.

मधुरा_ठाणे
ब्रोनिका एसक्यू-ए पण बघा ना, ६x६च आहे, बॅक बदलतं म्हणजे एकात जास्त आयएसओची एचपी५ फिल्म आणि दुसऱ्यात कमी आयएसओची फिल्म, अर्ध्या रोलवर अडकायला नको. ५० ची लेन्सही आहे. फक्त बॅटरी संपली की एकच स्पीड उरतो, १/५००, त्यामुळे जास्तीचा सेल पिशवीत हवाच, आणि इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर पार्टसाठी दुसरी बॉडीच शोधावी लागते. मामियाचा आरबी६७ घेऊ नका प्लीज, निगेटिव्ह सुंदर आहे पण तो स्टुडिओत ट्रायपॉडवर शोभतो, लोकलमधून नेऊन चाळीचे जिने चढायचं वजन नाही ते.
आणि काहीही घ्या, चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, जेल पावसाळ्यात अधूनमधून तापवून सुकवायची.

फिल्मवेडा_दादर
गॅलरीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, थँक्यू. सी३३० आणि ६५ ची जोडी मिळते का बघतो. जवळून फोटो काढताना डोकी कापली जातात असं ऐकलंय, खरं का?

अंधारखोली
बघायची लेन्स वर आणि फोटोची खाली, म्हणून होतं ते. सी३३० च्या फाइंडरमध्ये एक आडवी काडी असते, फोकस जवळ आणशील तशी ती खाली सरकते, डोकं तिच्या खाली राहू दे, बस. आणि दुकानदार तयार असेल तर पैसे देण्याआधी एक रोल टाकून डेव्हलप कर, दोन फ्रेममधली जागा सगळीकडे सारखी आली पाहिजे.