बाबांचा तोल आणि विसराळूपणा (सोसायटी ग्रुप)

बी-३०४: बाबा ७६ चे. हल्ली तेच तेच परत विचारतात. चालताना चप्पल पायातून निसटते आणि त्यांना पत्ताच नसतो. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की बेसिन घट्ट धरतात. कुणाच्या घरी असं आहे का?

ए-१०२: वय झालं की होणारच. आमचे सासरेही तसेच. मनावर घेऊ नका.

सी-२०१ (डॉक्टरताई): काका, इतक्यात वयावर नका ढकलू. निसटलेली चप्पल न कळणं आणि डोळे मिटले की तोल जाणं, हे जोडीने आलं की मला आधी व्हिटॅमिन बी-१२ आठवतं. पाय कुठे पडतोय ही जाणीव मेंदूकडे नेणारे मज्जारज्जूतले तंतू त्याच्या कमतरतेने खराब होतात. डोळे उघडे असतात तोवर नजर सांभाळून घेते, म्हणून घरच्यांना उशिरा कळतं. बाबा गोळ्या कसल्या घेतात?

बी-३०४: मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी), बरीच वर्षं. ॲसिडिटीचीही रोजची. पण ताई, हिमोग्लोबिन तर नॉर्मल आलंय!

सी-२०१: त्यावर विसंबू नका. ॲनिमिया नसतानाही नसांना त्रास होतो. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. उतारवयात ते अनेकांचं कमी होतं, त्यात ॲसिडिटीची गोळी. मेटफॉर्मिनमुळेही शोषण घटतं. म्हणजे व्यवस्थित जेवणाऱ्यालाही कमी पडू शकतं. मनाने गोळ्या मात्र बंद करू नका.

ए-५०३: माझ्याकडे फॉलिक ॲसिडवाल्या गोळ्या पडून आहेत, पाठवू का?

सी-२०१: नको गं. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. बी-१२ची गोळीही तपासणीला रक्त दिल्यानंतरच, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. रक्तात मिलिलीटरमागे साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये आलं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासतात, बी-१२ कमी पडलं की ते वाढतं.

डी-४०१: आणि व्हिटॅमिन डी? आईला वर्षाचा डोस एकदाच देऊन टाकू म्हणते. रोजची कटकट नको.

सी-२०१: अजिबात नको! २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर त्या जास्तच पडल्या, हाडंही जास्त मोडली.

बी-३०४: बी-१२ने विसराळूपणा जाईल ना?

सी-२०१: तेच कारण असेल आणि लवकर सापडलं असेल तर फरक पडतो. जुनी बधिरता पूर्ण जाईलच असं नाही. पण थायरॉईड, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, नैराश्य हेही बघायला हवं. सगळंच बी-१२च्या माथी मारू नका.

बी-३०४: उद्याच रक्त देतो. उपाशी न्यायचं का?

सी-२०१: नुसत्या बी-१२ला गरज नाही. साखर बघणार असाल तर लॅबला विचारा. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटंच न्या, तोंडी सांगताना एखादी राहतेच. आणि तोवर बाथरूममध्ये स्टूल ठेवा, तोंड बसूनच धुऊ द्या.