डीलोरियनची टाइम मशीन प्रतिकृती: दार वर राहत नाही, बॅटरी उतरते

प्रश्न: १९८१ची डीलोरियन गाडी, 'बॅक टू द फ्यूचर' चित्रपटातल्या टाइम मशीनसारखी सजवलेली. वरच्या दिशेने उघडणारं दार अर्ध्यावरच थांबतं, शिवाय चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. टॉर्शन बार (दार वर उचलणारा पिळाचा स्टील दांडा) आवळावा का?

उत्तर १: बारला अजिबात हात लावू नका! तो कायम पिळलेला असतो, सुटला तर हाड मोडेल. आधी गॅस स्ट्रट (दार उचलून धरायला मदत करणारा गॅसभरला दट्ट्या) बदला, प्रत्येक दाराला एकच असतो. थंडीत गॅसचा दाब घटतो, म्हणून हिवाळ्यात दार जास्त रेंगाळतं. बदलताना दाराला आधार द्या.

उत्तर २: बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून केबल आणि बॅटरीच्या मध्ये मल्टिमीटर (प्रवाह मोजणारं यंत्र) जोडा. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह दिसला, तर एकेक फ्यूज काढत जा. सजावटीचे दिवे आणि डिस्प्ले मूळ वायरिंगवर नकोतच. त्यांना वेगळी १२ व्होल्टची बॅटरी, स्वतंत्र फ्यूज आणि कट-ऑफ स्विच द्या.

उत्तर ३: मागची सजावट हलकी, फायबरग्लासची ठेवा. इंजिन मागेच आहे, वजन वाढलं की स्प्रिंग बसतात. आणि स्टेनलेसच्या पत्र्यावर लोखंडी काथ्या कधीच घासू नका, अडकलेले कण गंजतात. नायलॉनचा स्क्रब पॅड, तोही पत्र्यावरच्या बारीक रेषांच्याच दिशेने. गोल फिरवलात तर डाग उठून दिसतो.