जुने रेल्वे पूल, जुनी स्टेशनं: पुन्हा वापरात आणता येतात का?

कळवेकर आजोबा:
१६ एप्रिल १८५३ ची गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच आली, ३४ किलोमीटर. खाडी ओलांडून कल्याणला लाइन पोचली १८५४ मध्ये. आमच्या ठाण्यात या सगळ्याचं काय दिसतं? गर्दी आणि फलक. परदेशात अशा जुन्या बांधकामांचं काय करतात, कुणी सांगेल का? नुसते रंगवलेले इंजिन उभं करणं मला पटत नाही.

खारीगाव_लोकल:
आजोबा, मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन बघा. १८३० चं, पहिल्या इंटरसिटी लाइनचं टोक. प्रवासी १८४४ मध्येच थांबले, पण पुढे १९७५ पर्यंत मालगाड्या यायच्या, म्हणून इमारत टिकली. आज तिथे विज्ञान-उद्योग संग्रहालय आहे. त्याच शहरात कॅसलफील्डचा १८९२ चा लोखंडी पूल २०२२ मध्ये बाग म्हणून खुला झाला.

नौपाड्याची सून:
पॅरिसचं उदाहरण मला जास्त आवडतं. बास्तीयची १८५९ ची लाइन बंद पडली, तर पुलावर झाडं लावून पायवाट केली आणि खालच्या कमानींत कारागिरांची दुकानं काढली. भाडंही येतं!

कळवेकर आजोबा:
हे सगळं लाइन बंद पडल्यावरचं, पोरांनो. आपली तर रात्रीचे थोडे तास सोडले तर थांबतच नाही. मग पुलावर बाग कुठे लावणार? जुना दगडी भाग पाडण्याआधी निदान मोजमाप आणि फोटो तरी घ्यावेत, एवढंच मागतो.

खारीगाव_लोकल:
हे पटलं. त्याला जागाही लागत नाही.