पैसे यूपीआयने आले, तरी गूगलला ११ टक्के का?

अभ्यासअ‍ॅपवाला:
गूगलच्या प्ले स्टोअरवरच्या माझ्या अभ्यासाच्या अ‍ॅपची शंभर रुपयांची मासिक वर्गणी धरा. गूगलच्या बिलिंगमधून आली तर १५ रुपये त्यांचे. ग्राहकाने आमच्या गेटवेवरून (यूपीआय, कार्डाचे पैसे वळते करणारी बाहेरची सेवा) भरली तर गूगल ४ सोडतं, ११ घेतंच. गेटवेचे साधारण दोन. म्हणजे गेले १३, वाचले दोन! स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅपमधले पैसे गूगलच्याच बिलिंगमधून घेण्याच्या सक्तीवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड ठोकला (अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला). सक्ती गेली, वसुली राहिली. त्याच फोनवरून पाचशेची बिर्याणी मागवली तर गूगलला छदाम मिळत नाही. अ‍ॅपमध्येच मिळणाऱ्या व्याकरणाच्या धड्यावर मात्र कमिशन. हा कुठला न्याय?

जुना_अँड्रॉइडकर:
साफ असहमत. तुम्ही फक्त पैसे वळते करण्याचा खर्च मोजताय. अ‍ॅपवाल्याने नोंदणीचे एकदाच २५ डॉलर भरले की अपडेट पोचवणं, मालवेअर तपासणं, दुबईतल्या ग्राहकाकडून दिरहममध्ये वसुली, परतावे, हे सगळं कोण करतं? कमिशन काढलं तर तो खर्च दुसरीकडून निघेल. अ‍ॅपलने २०२४ मध्ये युरोपात कमिशन उतरवलं आणि नव्या अटी घेणाऱ्यांना दहा लाखांपुढच्या दर इन्स्टॉलमागे वर्षाला अर्धा युरो लावला. जाहिरातींवर तगलेलं अ‍ॅप त्यात बुडेल.

अभ्यासअ‍ॅपवाला:
सेवेचे पैसे सेवेप्रमाणे घ्या, आनंदाने देऊ. विक्रीत वाटा कशाला? १ मार्च २०२४ आठवा. शुल्काच्या वादात भारत मॅट्रिमनी, नोकरी, ९९एकर्स ही अ‍ॅप्स स्टोअरवरून उडाली आणि सरकार मध्ये पडल्यावर परत आली. उद्या माझं अ‍ॅप उडालं तर कोणता मंत्री फोन करणार आहे?

तिसरी_खिडकी:
अँड्रॉइडवर निदान दुसरं स्टोअर टाकता येतं. फोनपेचं इंडस फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, बाहेरचा गेटवे वापरला तर कमिशन घेत नाही. पण ते बाहेरून उतरवताना फोन धोक्याचा इशारा देतो आणि माझ्या आईसारखी माणसं तिथेच थांबतात. भारतात आयफोनवर तर तेवढीही सोय नाही.

जुना_अँड्रॉइडकर:
थांबतात ते बरंच आहे! व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके (स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची) फाईल उघडून लोकांची खाती रिकामी झालीत. ती राखण फुकट होत नाही.

अभ्यासअ‍ॅपवाला:
राखणीचंच बोलायचं तर सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात २,२०० हून जास्त कर्ज अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरूनच काढावी लागली. ती आत आली तेव्हा तपासणी कुठे होती?